उजवी बाही

मुलगी : ...आणि म्हणून, आदरणीय न्यायाधीश महोदय, माझ्या भावाच्या डोळ्यांतला पश्चात्ताप... आई, ऐकतेयस ना?

आई : ऐकतेय. इस्त्री हातात आहे, कानात नाही.

मुलगी : ...हा पश्चात्ताप पहाटेच्या दवासारखा निर्मळ आहे! कसं वाटलं?

आई : दव कशाला मध्येच?

मुलगी : अगं, उपमा आहे ती! वक्तृत्व स्पर्धेत हे वाक्य टाकलं असतं ना, तर परीक्षक खुर्चीतून पडले असते.

आई : हे परीक्षक नाहीत, न्यायाधीश आहेत. पडले तर आपल्याच अंगावर पडतील.

मुलगी : बरं बाई, दव राहू दे बाजूला. पण मग माझ्याकडे राहतं काय? वकीलकाका म्हणाले, घरच्यांचं पत्र मनापासून हवं, एक पान. माझं साडेतीन झालंय.

आई : एक सांगितलंय ना? मग एकच ठेव.

मुलगी : अख्खा दादा एका पानात कसा बसवू? त्या दिवशी अठरा वर्षं आणि एकोणीस दिवसांचा होता! त्या एकोणीस दिवसांचंच मला रडू येतं बघ. तीन आठवडे आधी शिरला असता ना त्या घड्याळाच्या दुकानात, तर आज मावशीच्या बारक्यासारखा मुलांच्या कोर्टात गेला असता. एकोणीस दिवस म्हणजे काय गं? माझी सहामाहीसुद्धा त्याहून लांबते.

आई : आणि शिरलाच नसता तर?

मुलगी : ते पण आहे. पान दोन, वरून चौथी ओळ.

आई : पाण्याची बाटली दे इकडे.

मुलगी : घे. आई, उजवी बाही राहिली.

आई : करते.

मुलगी : साडेनऊला तुरुंगाच्या फाटकावर द्यायचाय शर्ट. त्यानंतर ते कपडे आत घेत नाहीत. अकराला तर त्याला उभाच करणार. शिक्षा आजच सांगणार म्हणे, पुढची तारीख नाही.

आई : माहितीय मला. दुसरा कुठला शर्ट नव्हता का?

मुलगी : वकीलकाकांनी पांढरा सांगितला, लांब बाह्यांचा. दुसरा पांढरा आहे कुठे? हाच सापडला, तोही कपाटात सगळ्यात खाली, गोधड्यांच्या मागे. तिथे कुणी ठेवला देव जाणे. बरं, आता ऐक, इथून खरी रंगत येते. म्हणजे रंगत नाही, मुद्दा. "त्या संध्याकाळी माझा भाऊ दुकानाच्या दारात थिजून उभा होता. शटर ओढायची लोखंडी सळई ज्या हातांनी उचलली, ते हात त्याचे नव्हते. ते हात आमच्याच आळीतल्या, वयानं लहान पण वृत्तीनं दांडगट अशा एका मुलाचे होते."

आई : दांडगट? बारक्या?

मुलगी : नाव कुठे घेतलंय मी!

आई : आपल्या आळीत दुसरा कोण धरलाय पोलिसांनी? सुकवायच्या मशीनचं दार जरा आपटलं की आईच्या मागे लपायचा तो. इथे, या टेबलाखाली झोपायचा.

मुलगी : लहानपणी गं! आता सतरा वर्षांचा आहे. आणि आई, सगळी गाडी इथेच अडलीय. वकीलकाकांनी मला समजावून सांगितलंय. दादानं लुटायला गेलो हे कबूल केलंच आहे. प्रश्न उरला तो एकच, मारलं कुणी? घड्याळवाल्या आजोबांना मागून मारलं, आतला दिवा घालवलेला, त्यांनी कुणाला पाहिलं नाही. दोघांच्या तोंडाला रुमाल. दादा म्हणतो बारक्यानं मारलं, बारक्या म्हणतो दादानं. दारात उभा राहणाऱ्याला तीन वर्षं. मारणाऱ्याला सात, नाहीतर दहा. मग न्यायाधीश काय बघणार? घर बघणार. कोणत्या घरातला मुलगा असं करू शकतो ते बघणार. सगळं माझ्या पेनावर आहे आई!

आई : आणि बारक्याचं काय होणार?

मुलगी : त्याचं बुधवारी. त्याला सुधारगृहात ठेवायचं की मोठ्यांसारखं धरायचं, ते ठरेल. इथे आज असं मानलं गेलं की मारणारा तो... तर मग मोठ्यांसारखं.

आई : हे वकिलांनी सांगितलं?

मुलगी : मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं, जाता जाता.

आई : आणि हे ऐकून तू ते दांडगट लिहिलंस.

मुलगी : मग काय करू? दादाच म्हणाला ना, मी दारात होतो म्हणून! जाळीपलीकडून, तुझ्यासमोर. तू मान खाली घालून बसलीस. तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?

आई : तू आधी बाजूला हो. टेबलाला टेकू नकोस, कापड ओढलं जातंय.

मुलगी : रागावलीस?

आई : नाही.

मुलगी : आई, एक सांगू? कुणाला सांगायचं नाही पण. मला लिहिताना मजा आली. खरंच. "थिजून" हा शब्द सुचला ना, तेव्हा मी गादीवर उडी मारली. मग आरशात बघितलं तर माझं मलाच कसंतरी झालं. तिकडे आजोबांच्या डोक्याला अकरा टाके, डावा कान गेलेला. शाळेतून येताना बघते मी त्यांना. घड्याळ डाव्या कानाला लावतात, सवयीनं. मग थोडा वेळ थांबतात. मग उजव्या कानाला लावतात. आणि मी रस्ता बदलते. पळतच सुटते म्हण ना.

आई : मी पण त्या बाजूनं जात नाही.

मुलगी : तू? तुला भाजीला तिकडूनच जावं लागतं.

आई : लांबून जाते.

मुलगी : शेवटचा परिच्छेद वाचू? छोटा आहे. "त्या रात्री तो घरी आला, तेव्हा नेहमीसारखाच..."

आई : हे काढ.

मुलगी : अगं, पूर्ण तर ऐक! "नेहमीसारखाच आमच्याशी हसून बोलला, कारण त्याच्या मनात काही..."

आई : काढ म्हटलं ना. तसा आला नव्हता तो.

मुलगी : ...हो. दार मीच उघडलं होतं. बनियनवर होता, एवढ्या थंडीत. मी म्हटलं, या पैलवान! शर्ट गुंडाळून काखेत धरलेला. म्हणाला, रंग सांडला.

आई : मग हे का नाही लिहिलंस?

मुलगी : वाक्यात बसत नव्हतं.

आई : कसला रंग, विचारलंस?

मुलगी : नाही. माझं भाषण पाठ व्हायचं होतं. तू विचारलंस?

आई : शटर वाजलं बघ. सांग त्यांना, लाँड्री आज दुपारनंतर उघडेल.

(अर्ध्या वर केलेल्या शटरखालून वाकून एक बाई आत येते. हातात कोरी वही.)

मावशी : आत येऊ का ताई?

आई : चौदा वर्षं इथे कपडे धुतलेस, कधी विचारलं नाहीस. आज विचारतेस?

मावशी : आज विचारावं लागतं.

मुलगी : मावशी, बस ना. ही घे खुर्ची. नाही, ही डुगडुगते. ही घे.

मावशी : बसायला नाही आले गं. दवाखान्याच्या धुलाईत लागलेय आता, नऊला पोचायचंय. बसले तर उठणार नाही. आमची पोपटीण किती वाळली! खातेस की नुसतीच बोलतेस?

मुलगी : दोन्ही एकदम करते.

मावशी : ते आहेच. ताई, पिवळ्या मशीनचा पट्टा बदललात का?

आई : तुझ्यामागे कोण बदलणार? दोरी बांधलीय.

मावशी : दोरी नको. घसटून पेटेल एखाद्या दिवशी. ...बरं, काम असं आहे. आज तुमच्याकडे काय आहे ते मला माहितीय. अशा दिवशी येऊ नये. पण नंतर तुमच्या तोंडाकडे बघवेल की नाही, म्हणून आत्ताच आले. पोपटीण, तू दादाचं पत्र लिहिलंस म्हणे कोर्टासाठी. वकिलाचा कारकून सांगत होता, पोरीच्या हातात जादू आहे.

मुलगी : जादू वगैरे काही नाही...

मावशी : माझ्या पोराचं पण लिहून दे. बुधवारी आहे त्याचं. मला सही येते, बाकी सगळा आनंद. वही आणलीय नवी, तुझा कागद नको खर्चायला.

मुलगी : मी? मी लिहू? मावशी, शाळेत सरांना...

मावशी : सरांनी दारच लावलं. तू त्याच्याच वर्गात होतीस. तो कसा आहे तुला माहितीय. मी सांगते, तू सजव. हे काय, दादाचं का? वाच ना. म्हणजे मला कळेल, असं पत्र असतं कसं.

मुलगी : हे... हे अजून कच्चं आहे.

मावशी : कच्चं तर कच्चं.

मुलगी : "आदरणीय न्यायाधीश महोदय... माझ्या भावाच्या डोळ्यांतला पश्चात्ताप पहाटेच्या दवासारखा निर्मळ आहे."

मावशी : वा! दव छान आहे. माझ्या पोराला पण घाल दव. पुढे?

मुलगी : पुढे... तेच ते.

मावशी : पान दोनवर काय आहे?

मुलगी : काही नाही. खाडाखोड आहे.

आई : तू सांग आधी. तुला काय लिहून हवंय?

मावशी : तेच तर कळेना ताई. चांगला आहे लिहा, तर चांगला असता तर चोरी करायला गेला असता का? लाज वाटते मलाच. त्या म्हाताऱ्याच्या बायकोपाशी गेले होते मी, पाया पडायला. तिनं दार उघडलं, पाणी दिलं, आणि बोललीच नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग पोराला म्हटलं, निदान खरं बोल. तर तो एकच धरून बसलाय. मी पिशवी धरून दारात होतो, मी सळई उचलली नाही. मी मानलं नाही. जामिनावर घरी आणला ना, त्या दिवशी मारलं त्याला. चपलेनं. नंतर अजून दोनदा. एवढं मारू नये पोराला. तिसऱ्या वेळी तो नुसता उभा राहिला, हातसुद्धा आडवा घातला नाही.

मुलगी : मावशी...

मावशी : मला वाटायचं, दादा कसा खोटं बोलेल? दादाला मी या खांद्यावर झोपवलंय. ताईंचं पोर खोटं बोलणार नाही, बोललं तर माझंच बोलेल. लोक म्हणतात, आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं. माझं सगळं उलटंच बघ.

आई : पाणी देऊ?

मावशी : नको. पण ताई, एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुम्हाला विचारायचीच होती, कारण तुम्हालाच कळेल. त्याचा शर्ट मी पाहिलाय. करडा, त्या दिवशीचाच. पोलीस तो न्यायला आले त्याच्या आधी. उलटा केला, सुलटा केला, बल्बवर धरला. मोहरीएवढा डाग नाही. म्हाताऱ्याला अकरा टाके पडले. डोकं फुटलं की किती उडतं ते आपल्याला माहितीय, इतकी वर्षं दवाखान्याच्या चादरी धुतल्या आपण. मग मनात आलं, धुतला असेल त्यानं. पण त्याला साधा रुमाल पिळता येत नाही. आणि धुतला जरी, तरी गरम पाण्यात घालून पक्का करून ठेवला असता. थंड पाणी, मूठभर मीठ, हे त्याला कुठलं सुचायला? ते आपलं काम... ताई, उजवी बाही राहिलीय.

मुलगी : मी पण मघापासून तेच सांगतेय.

मावशी : सरका, मी करते. अशा दिवशी इस्त्री धरू नये.

आई : नको.

मावशी : अहो, दोन मिनिटांचं काम. जरा वाफ दिली की...

आई : वाफ देऊ नकोस! वर येईल.

मावशी : काय वर येईल?

आई : बाजूला हो तू.

मुलगी : आई? काय वर येईल?

मावशी : दाखवा बाही.

आई : तू बघू नकोस. मी सांगते. थंड पाणी, मूठभर मीठ. दोनदा. वरचं कापड साफ निघालं. पण कफात बकरम असतं ना, ते कडक अस्तर. ते पीतं. ओलं असेपर्यंत दिसत नाही, गरम इस्त्री फिरली की तपकिरी कडा उठते. म्हणून ही बाही मी चार महिने...

मुलगी : गोधड्यांमागे तू ठेवलास?

आई : हो.

मुलगी : पण पोलिसांना तर तू त्या दिवशीचा म्हणून शर्ट दिला होतास. निळा, चौकड्यांचा.

आई : निळा त्यानं त्या दिवशी घातलाच नव्हता.

मावशी : ताई, डाग कुठे होता?

आई : कशाला आता...

मावशी : कुठे होता? मनगटाच्या वरच्या अंगाला की आतल्या?

आई : आतल्या. मनगटापासून कोपरापर्यंत, बारीक बारीक, चढत गेलेला.

मावशी : म्हणजे हात वर होता.

आई : हो. दारात उभ्या असलेल्याच्या बाहीवर असा पडत नाही. मला बादलीपाशीच कळलं. पाणी गुलाबी झालं आणि कळलं. मी त्याला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर तो बोलला असता. म्हणूनच विचारलं नाही.

मुलगी : मला पण माहीत होतं का गं आई? मी विचारतेय. मला माहीत होतं का?

आई : तू सोळा वर्षांची आहेस.

मुलगी : ते काही उत्तर नाही झालं. मावशी, मी पान दोनवर बारक्याला दांडगट लिहिलंय.

मावशी : म्हणजे काय?

मुलगी : ...म्हणजे मारकुटा.

मावशी : मारकुटा. बरं.

मुलगी : काहीतरी बोल ना मला. मोठ्यानं बोल. पायातली काढ हवी तर!

मावशी : चपलेचं नाव नको काढूस आता.

आई : मला बोल. तिला नको.

मावशी : मी काय बोलू ताई? खरं सांगू? बरं वाटतंय मला. आतून एकदम हलकं वाटतंय, माझं पोर नव्हतं म्हणून. आणि इथे तुमच्यासमोर उभं राहून बरं वाटतंय, त्याचीच लाज वाटतेय.

आई : मी तुला सांगायला हवं होतं.

मावशी : मी आज आले नसते तर?

आई : तर बाही दोन घड्या दुमडून शर्ट दिला असता फाटकावर. खोटं नाही बोलत. तू त्याला मारलंस हे माहीत असतं, तरीसुद्धा गप्प बसले असते.

मावशी : एवढं तरी खरं बोललात.

मुलगी : थांबा, थांबा दोघी. आई, सात नाहीतर दहा. दहा वर्षांनी तो अठ्ठावीसचा होईल. मी सव्वीसची! आणि तुला विचारतील, निळा शर्ट का दिला. तुलाही धरतील.

आई : धरतील.

मुलगी : तो तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.

आई : आता तरी कुठे बोलतो? जाळीपलीकडून माझ्या हातांकडे बघतो. डोळ्यांकडे नाही बघत. त्याला माहितीय, तो शर्ट कुणी धुतला. त्याला वाटतं, आईला चाललं. सगळं कळलं, धुतलं आणि चाललं. तीन वर्षांनी तो हेच घेऊन बाहेर येईल.

मुलगी : पण आई, तो आपला दादा आहे गं.

आई : म्हणून तर.

मावशी : ताई, माझ्यासाठी करू नका. नंतर मला ते ओझं नको.

आई : तुझ्यासाठी नाही. असं म्हटलं तर तेही खोटंच होईल म्हणा. थोडं तुझ्यासाठी. थोडं त्या पोरानं हात आडवा घातला नाही, त्याच्यासाठी. पोरी, वाजले किती?

मुलगी : पावणेनऊ.

आई : तो शर्ट कागदात गुंडाळ. इस्त्री नाही, घडी नाही, तसाच. फाटकावर द्यायचा नाही. आपल्याबरोबर कोर्टात न्यायचा, वकिलांच्या हातात द्यायचा.

मुलगी : ते म्हणतील, बाई, वेड लागलंय का तुम्हाला?

आई : म्हणू देत. त्यांनी नाही घेतला तर मी उभी राहीन.

मुलगी : आणि दादा काय घालणार?

आई : आत जे अंगावर आहे ते.

मुलगी : मग हे पत्र?

आई : किती पानं म्हणालीस?

मुलगी : साडेतीन. ...फाडते. नाही, फाडत नाही, ठेवते माझ्याकडेच. परत कधी लिहिताना मजा आली ना, तर काढून वाचेन.

मावशी : दव तेवढं ठेव गं. चांगलं होतं.

मुलगी : नको मावशी, तू हसवू नकोस. मला रडायचंय.

आई : नंतर रड. मावशीच्या वहीतलं एक पान घे. देशील ना गं?

मावशी : आणलीच होती कोर्टासाठी. घ्या.

मुलगी : "आदरणीय न्यायाधीश महोदय..."

आई : तेवढं राहू दे. त्याखाली माझं लिही. माझ्या शब्दांत, तुझ्या नको. "मी कपडे धुते."

मुलगी : मी... कपडे... धुते. पुढे?

आई : "पंचवीस वर्षं झाली. डाग कशाचा आहे आणि कसा पडला, ते मला..." थांब जरा. थांब.

मुलगी : थांबलेय.

मावशी : इस्त्री बंद केली मी, ताई. सांगा तुम्ही.